घासलेला कातळ

“सर, हे निघंना झालंय,” सारिका म्हणाली.

तिने दोन्ही हात माझ्यापुढे धरले. नखांत नारिंगी भुकटी बसली होती.

“निघंना म्हणजे? राख घे. नारळाच्या शेंडीने गोल गोल घास. घरी तवा कसा घासतेस?”

“तव्यावर घाण असती, सर. ही घाण वाटंना.”

“तोंड कमी, हात जास्त,” मी म्हणालो आणि शिट्टी वाजवली.

बावीस मुलं पुन्हा कातळाला भिडली. कुणाच्या हातात खराटा, कुणाच्या हातात काथ्या. रणजितने वडिलांच्या गॅरेजमधून तारेचा ब्रश आणला होता, त्याचा भाव त्या दिवशी फार वधारला. इम्रान आणि आणखी दोघं घासता घासता मधेच बादल्या आणून ओतत होते. वरच्या उजव्या कोपऱ्यात राखाडी थर काही केल्या जाईना, तेव्हा मी रणजितच्या हातून ब्रश घेतला, बाह्या वर केल्या आणि वीतभर जागा घासून दाखवली. “असं! जोर मनगटात नाही, खांद्यात असतो.”

दोन तासांत कातळ काळाभोर झाला. उन्हात चमकू लागला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

ही गोष्ट पंचवीस वर्षांपूर्वीची. आजऱ्याहून आंबोलीकडे जाताना सुळकेवाडी नावाचं गाव लागतं, तिथल्या शाळेत मी सातवीचा वर्ग सांभाळत होतो. आमच्या शाळेला त्या वर्षी तालुक्यातल्या सर्वांत स्वच्छ शाळेचा मान मिळाला होता. भिंती, व्हरांडा, पाण्याची टाकी, सगळं आम्ही हातांनी घासून लख्ख ठेवलं होतं. मला त्याचा अभिमान होता आणि मुलांना माझ्या शिट्टीचा.

गावाबाहेर एका संस्थेचं वनस्पती उद्यान होतं. घाटातली दुर्मीळ झाडं तिथे जपत, बिया राखत. दर शनिवारी सकाळी मी मुलांना तिकडे नेत असे. सारिका त्या एका सकाळसाठी धाकट्या बहिणीकडून शेळ्या राखायची पाळी बदलून घ्यायची आणि बदल्यात तिच्या वाटची धुणी धुवायची. बागेतली झाडं तिला पाटीवरच्या नावांसकट पाठ होती.

उद्यानात वर्षातून एकदा कुणी ना कुणी कलावंत राहायला येई. आदल्या वर्षी मातीकाम करणारे एक गृहस्थ आले होते, बागेच्या निरनिराळ्या कोपऱ्यांतली माती भाजून त्यांनी वाडगे केले होते. त्या वर्षी रेवती नाडगौडा आल्या. पस्तिशीच्या, उंच, बोलायला हळू. त्यांनी सगळ्या बागेतून रोपवाटिकेमागचा एक कातळ निवडला. दोन खाटा जोडल्याएवढा, एका अंगाला उतरता. त्याच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून त्या रोज सकाळी आडवे-उभे दोरे ताणत. बारा विती लांब, आठ विती रुंद, म्हणजे शहाण्णव चौकटी. रोज एक चौकट त्या कागदावर उतरवत, तेवढ्याच आकाराची. संध्याकाळी दोरे गुंडाळून ठेवत. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी कातळाशेजारीच चित्र मांडायचं ठरलं होतं.

मला एवढंच ठाऊक होतं. चित्र मी पाहिलं नव्हतं. मुलं त्यांच्याभोवती बसत तेव्हा मी फणसाखाली बसून वह्या तपासत असे. एकदा त्या मुलांना सांगत होत्या, “हा दगड साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे.” ते माझ्या कानावर पडलं. माझ्या मनात आलं, एवढा जुना दगड आणि त्याच्यावर हे डाग, हे पोपडे, ही बुरशी. पाहुणे येतील तेव्हा काय दिसेल? रेवतीबाई दोन दिवसांसाठी कोल्हापूरला कागद आणायला गेल्या आणि मी ठरवलं, परत येतील तेव्हा दगड नीट दिसला पाहिजे.

दुपारी त्या आल्या. खांद्याला पिशवी, काखेत कागदाची गुंडाळी. मुलं कातळाच्या दोन्ही बाजूंना रांगेत उभी होती. मीच उभी केली होती.

रेवतीबाई थांबल्या. पिशवी खाली ठेवली. मग गुडघ्यांवर बसल्या आणि ओल्या कातळावरून तळवा फिरवला. आजारी माणसाच्या कपाळावरून फिरवतात तसा.

“किती वेळ लागला?” त्यांनी विचारलं.

“दोन तास, मॅडम!” इम्रान ओरडला. “माझं तर हात सोलपाटलं!”

“बघू.” त्यांनी त्याचे हात हातांत घेतले. “खूप मेहनत केलीत रे सगळ्यांनी.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “सर, जरा खोलीत येता?”

त्यांच्या खोलीत लांब टेबलावर पांढऱ्या धोतराखाली चित्र झाकलेलं होतं. त्यांनी धोतर उचललं.

  एक्कावन्न चौकटी भरल्या होत्या. एकीत पिवळसर हिरवा देश, त्याला काळ्या रेषेची सीमा, शेजारी दुसरा देश. एकीत राखाडी पाकळ्या एकमेकींवर चढलेल्या, आणि प्रत्येक पाकळीच्या कडेला उजेड. एकीत नारिंगी वर्तुळ, मध्ये विझत गेलेलं, कडेला पेटलेलं. सुईच्या टोकाएवढ्या वाट्या, वाट्यांना काठ, काठाखाली सावली. हे सगळं मी त्या सकाळी बादलीतून वाहून जाताना पाहिलं होतं. राखाडी पाणी, एवढंच.

“हे... हे काय आहे?”

“दगडफूल.”

“मसाल्यात घालतात ते?”

“त्याचंच गणगोत. एक जीव नाही हा, सर. बुरशी आणि शेवाळ, दोघांचा संसार आहे. घर बुरशीचं, स्वयंपाक शेवाळाचा. वर्षाला केसभर वाढतात आणि वाढता वाढता दगड पोखरतात. हजारो वर्षांनी त्याची चिमूटभर माती होते. मग त्या मातीत गवत येतं.” त्यांनी नारिंगी वर्तुळाकडे बोट दाखवलं. “हे वर्तुळ तुमच्या-माझ्यापेक्षा वयाने मोठं असेल. मी दगड काढतच नव्हते. दगडाची माती कशी होते ते काढत होते.”

आवाज एकदाही चढला नाही. चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

तेवढ्यात उद्यानाचे संचालक डॉ. मुजुमदार आले. मागे ज्ञानू माळी. ज्ञानूनेच त्यांना बोलावलं असणार. डॉक्टर कातळ बघून आले होते, त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

“कुणी केलं हे?”

दाराबाहेर मुलं जमली होती. आत एक मी. मला चव्वेचाळिसावं वर्ष होतं, आणि आजवर मुलांसमोर मला कुणी जाब विचारला नव्हता.

“मुलांकडून झालं, साहेब,” मी म्हणालो.

खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. हात मुलांचेच होते.

“मुलांकडून!” डॉक्टर म्हणाले. “तरी मी म्हणत होतो, ही बाग आहे, खेळाचं मैदान नाही. पुढच्या शनिवारपासून शाळेची मुलं इथे नकोत.”

दारातून सारिकाने माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाकडे पाहत राहिलो.

“मला ती लागतील,” रेवतीबाई म्हणाल्या.

“कशाला? आणखी काय घासायचं राहिलंय?”

“पंचेचाळीस चौकटी राहिल्यात. त्या कातळावर काय होतं हे जगात आता फक्त ह्या मुलांना माहीत आहे. त्यांची नाकं वीतभर अंतरावर होती. त्यांच्याशिवाय माझं चित्र पुरं होणार नाही, डॉक्टर.”

डॉक्टरांनी चित्रावरून नजर फिरवली. “ठीक आहे. प्रदर्शनापर्यंत. दुसऱ्या दिवसापासून फाटक बंद. ऐकलंस ज्ञानू?”

“जी,” ज्ञानू म्हणाला.

पुढच्या शनिवारी आम्ही फाटकात पोचलो तर ज्ञानू कमरेवर हात ठेवून उभा. “आली बघा भांडी घासणारी पल्टन! आज काय, आंब्याची साल काढता का?” मुलं माना खाली घालून आत गेली. माझ्याकडे बघून ज्ञानूने मात्र टोपी काढून नमस्कार केला. मास्तरांचा काय दोष, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं.

त्या दिवशी मी वह्या नेल्या नव्हत्या. फणसाखाली बसलो आणि ऐकत राहिलो.

रेवतीबाईंनी दोरे ताणले आणि प्रत्येकाला जिथे त्याने घासलं होतं तिथे बसवलं.

“इम्रान, तुझ्या हाताखाली काय होतं?”

“डाग व्हता, मॅडम.”

“डाग नको सांगू. काय दिसलं ते सांग.”

इम्रानने डोकं खाजवलं. “करपलेल्या भाकरीगत. मधी भोक.”

“कडा?”

“कडा उचललेल्या. आमच्या दादीच्या टाचंगत, भेगाळलेल्या.”

मुलं हसली. रेवतीबाई हसल्या नाहीत. “भोकात काय होतं?”

“दगूड. न्हाई, थांबा... भोकात परत एक ल्हान भाकरी व्हती. नवी.”

रेवतीबाई पुढे वाकल्या. “म्हणजे मधला मेला, आणि त्या जागी दुसरा रुजला होता. रणजित?”

“माझ्यात नकाशा हुता. शेताचं बांध असत्यात तसल्या काळ्या रेघा. आणि दोन शेतांच्या मधी रिकामी गल्ली, कुणीच कुणाच्यात घुसलं नव्हतं.”

“सारिका?”

सारिकाने आपल्या जागेवर तळवा ठेवला. मग म्हणाली, “राखंच्या रंगाचं व्हतं. त्यावर मोहरी सांडल्यागत ठिपकं. आन् इम्राननं पाणी वतलं तसं ते हिरवं झालं, मॅडम. एका दमात. पोपटागत. मग मी घासायची थांबले तर वाळून परत राख.”

रेवतीबाई उठून तिच्याजवळ जाऊन बसल्या. “पाणी पडलं की हिरवं? डोळ्यांनी पाहिलंस?”

“व्हय.”

“दोन महिने बसले इथे मी. पावसाचा थेंब पडला की कागद भिजेल म्हणून खोलीत पळायचे. मला हे दिसलंच नाही.” आणि त्या बारा वर्षांच्या पोरीला म्हणाल्या, “अजून सांग.”

ह्याच मुलांचे निबंध मी तपासत असे. ‘माझा आवडता प्राणी’ ह्या विषयावर इम्रानने चार ओळी लिहिल्या होत्या, त्यातल्या दोन पाठ्यपुस्तकातल्या.

“आता हे तुम्ही काढणार, मॅडम?” रणजितने विचारलं.

“नाही. मी न पाहिलेलं काढत नाही. तुम्ही पाहिलंय, तुम्ही लिहा. जिथे जे होतं त्याच चौकटीत.”

“चित्रात?” मुलं दचकली. “आमचं अक्षर?”

“तुमचंच.”

मी पुढे होऊन म्हणालो, “मॅडम, आधी पाटीवर लिहून घेऊ का? शुद्धलेखन तपासून देतो.”

“नको, सर,” त्या म्हणाल्या. अगदी नम्रपणे.

दिवाळीच्या सुट्टीतही मुलं येत राहिली. एकेक जण टेबलाशी बसे, टाकाचं निब दौतीत बुडवून, जीभ दातांत धरून, आपली चौकट भरी. कुणाला एक चौकट पुरे ना, कुणी तीन भरल्या. दोघांचं एकाच जागेवरून भांडण झालं, तर रेवतीबाईंनी दोघांनाही लिहायला लावलं, एकाखाली एक. ‘इथे जांबळट होते.’ ‘इथे जांबळट नव्हते, काळे होते पण उन्हात जांबळट.’ दुसरं वाचून पहिला म्हणाला, “आस्सं व्हय!”

नोव्हेंबर संपत आला तेव्हा चव्वेचाळीस चौकटी भरल्या होत्या. एक उरली होती. वरचा उजवा कोपरा.

“ही कुणाची?” रेवतीबाईंनी विचारलं.

मी दारात उभा होतो. बावीस मुलं. एकाचीही नजर माझ्याकडे वळली नाही. इम्रानने तोंड उघडलं आणि लगेच “आयो!” करून मिटलं, सारिकाने त्याला चिमटा काढला होता. ह्याच मुलांना महिनाभर ज्ञानू फाटकात टोचत होता. ह्याच मुलांचं फाटक पुढच्या आठवड्यात बंद होणार होतं.

“कुणाची नाही?” रेवतीबाईंनी थोडं थांबून म्हटलं. “बरं. राहू दे कोरी.”

त्यांना कळलं होतं का? मी कधी विचारलं नाही. त्यांनीही मला त्या सहा आठवड्यांत एका शब्दाने काही विचारलं नाही. येताना-जाताना “सर, चहा घेणार?” एवढंच.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सकाळी मुलांच्या आधी मी एकटाच गेलो. रेवतीबाई खोलीसमोर ब्रश धूत होत्या.

“मॅडम, टाक मिळेल?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हात पुसले, टाक आणि दौत टेबलावर ठेवली. “मी ज्ञानूमामांकडे जाऊन येते. मंडपाचं बघायचंय,” म्हणाल्या आणि गेल्या.

वीस वर्षं मी फळ्यावर लिहीत होतो. ती वीतभर चौकट भरायला मला पाऊण तास लागला.

दुसऱ्या दिवशी उद्यानात एवढी माणसं मी कधी पाहिली नव्हती. कोल्हापूरहून कॉलेजचे लोक आले होते, वनखात्याचे साहेब आले होते, गावातले आईबाप नवे कपडे घालून आले होते. चित्र कातळाशेजारी मांडवात उभं केलं होतं. डावीकडून रंग सुरू होत आणि उजवीकडे अक्षरं होत. माणसं आधी लांबून बघत, मग जवळ जात, मग आणखी जवळ. इम्रानची दादी काठी टेकत पुढे गेली आणि कुणीतरी तिला नातवाची चौकट वाचून दाखवली. “माझी टाच?” ती म्हणाली. “मेल्याला दुसरं काय गावलं न्हाई?” पण पुन्हा वाचायला लावलं.

डॉ. मुजुमदार वनखात्याच्या साहेबांना एकेक चौकट मोठ्याने वाचून दाखवत होते. मोहरीला थांबले, पोपटाला थांबले. “पाण्याने रंग बदलतो हे मुलीने टिपलंय, बघा. बारा वर्षांची मुलगी!” खुशीत होते. असे वाचत वाचत ते वरच्या कोपऱ्यात पोचले.

“‘ही जागा मी घासली,’” त्यांनी वाचलं. “‘बाकीचा कातळ मुलांनी घासला तो माझ्या हुकमाने. एका मुलीने मला विचारलं होतं, मी तिला गप्प केलं. मुलांकडून झालं असं मी सांगितलं ते अर्धंच खरं होतं. ह्या चौकटीत काय होतं ते मला माहीत नाही, कारण मी पाहिलं नाही. वि. रा. केसरकर, शिक्षक.’”

 मागच्या लोकांना ऐकू आलं नव्हतं, ते पुढच्यांना विचारू लागले, आणि ते सगळं माझ्या आजूबाजूने कुजबुजत मागे गेलं. मुलांचे आईबाप तिथे होते. आमचे मुख्याध्यापक होते.

डॉक्टरांनी चष्मा काढला. “केसरकर, सहा आठवडे झाले त्याला.”

“होय.”

“ह्या मुलांना मी तोंडाला येईल ते बोललो.”

“मला बोलायला हवं होतं, साहेब. आता बोला.”

 ते चित्राकडे वळले आणि तीच चौकट मनात पुन्हा एकदा वाचली. “ज्ञानू!”

“जी.”

“शनिवारी फाटक कितीला उघडतं?”

“आठला, साहेब. पण तुम्ही म्हणाला हुता...”

“साडेसातला उघड.”

ज्ञानूला समजायला क्षणभर लागला. मुलांना तेवढाही लागला नाही. रणजितने आरोळी ठोकली आणि ती सगळी मांडवातून बाहेर धावत सुटली, पाहुण्यांच्या कोपरांखालून, खुर्च्यांमधून. ज्ञानू त्यांच्यामागे ओरडत होता, “आरं, पोहे खाऊन जावा! पोहे!”

रेवतीबाई माझ्याजवळ आल्या. “सर, जा ना तुम्हीपण,” त्या म्हणाल्या. “रोपवाटिकेच्या कुंपणापलीकडे एक लहान कातळ आहे. तुमची मुलं महिनाभर चोरून तिकडे जातात.”

मी गेलो. कुंपणाच्या तारेतून वाकून जाताना सदऱ्याची बाही अडकली. पलीकडे बावीस मुलं एका कातळाभोवती गोल पालथी पडली होती, पाय बाहेर, डोकी आत. सारिकाच्या हातात रेवतीबाईंचं भिंग होतं. मला पाहून गडबड थांबली.  

मग सारिका कोपरांवर सरकत बाजूला झाली आणि तिने भिंग पुढे केलं.

“हितं या, सर.”

मी वाकलो.

“वाकून न्हाई दिसत. पोटावर झोपाय लागतंय.”

समारंभासाठी इस्त्री केलेला पांढरा सदरा होता. मी गवतावर पालथा झालो. भिंग डोळ्याशी धरलं.

“काय दिसतंय?”

“राखाडी,” मी म्हणालो.

“भिंग जरा जवळ न्या. आणखी. आता हलू नका.”

मी हललो नाही. मांडवातून कुणाच्या तरी भाषणाचा आवाज येत होता. एक मुंगी माझ्या मनगटावरून चालत कातळावर गेली. राखाडी रंगात आधी एक रेघ दिसली, मग ती रेघ नव्हती, काठ होता, आणि काठाच्या आत...

“सर, माझी भाकरी बघितलीसा का? ह्या अंगाला एक...” इम्रान सुरू झाला.

“गप रं!” सारिका हळूच म्हणाली. “सर बघाय लागल्यात.”